अन्नबचत, घरगुती

अन्नबचत, घरगुती : घरात विकत आणलेले, साठविलेले किंवा शिजविलेले अन्न वाया जाऊ न देता त्याचा पुरेपूर उपयोग करणे आणि त्यायोगे कुटुंबाचा वाणसामान व भाजीपाला यांवरील खर्च मर्यादित ठेवणे, यास घरगुती अन्नबचत म्हणतात. पीक कापणीपासून ते दुकानात पोहोचेपर्यंत धान्य, फळे, दूध इत्यादींची जी तूट होते, तिला ‘अन्नहानी’ आणि दुकाने, उपाहारगृहे व घरे या टप्प्यांवर जे अन्न टाकून दिले जाते, त्यास ‘अन्नाची नासाडी’ असे संबोधण्याचा प्रघात अलीकडील काळात पडला आहे. प्रस्तुत नोंदीत यांपैकी घरातील नासाडी व तिला आळा घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास संक्षेपाने दिला आहे.

अन्नाची काटकसर ही वरवर पाहता खाजगी बाब वाटते. परंतु तिच्या इतिहासात बाजारभाव, युद्ध, दुष्काळ, धर्मविचार, जातिव्यवस्था आणि स्त्रियांचे घरातील स्थान या सर्वांचे प्रतिबिंब पडलेले आढळते. उरलेले अन्न कोणी खावयाचे, हा प्रश्न ते कसे टिकवावयाचे या प्रश्नाइतकाच जुना आहे.

आर्थिक पार्श्वभूमी : कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा किती, यावर बचतीची निकड अवलंबून असते. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून असे दाखवून दिले, की उत्पन्न जसजसे वाढते तसतसे अन्नावरील खर्चाचे एकूण खर्चाशी असलेले प्रमाण घटत जाते. हा निष्कर्ष ‘एंगेलचा नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे. भारतातील राष्ट्रीय नमुना पाहण्यांतही त्याचा प्रत्यय येतो. १९९९–२००० मध्ये ग्रामीण कुटुंबांच्या उपभोग खर्चात अन्नाचा वाटा सु. ५९ टक्के आणि शहरी कुटुंबांच्या खर्चात सु. ४८ टक्के होता. २०२२–२३ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे सु. ४६ व ३९ टक्के इतके खाली आले. ज्या घरात निम्मा पैसा अन्नावर जातो तेथे मूठभर तांदूळ वाया जाणे हा तोटा असतो. ज्या घरात तो वाटा बराच कमी असतो, तेथे तीच गोष्ट नजरेआड होते.

वाया गेलेल्या अन्नाची किंमत खाल्लेल्या अन्नावर चढते, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. उदा., ४० रुपये किलो दराने आणलेल्या भाजीपैकी २०० ग्रॅम भाजी कुजून टाकावी लागली, तर उरलेली ८०० ग्रॅम भाजी प्रत्यक्षात ५० रुपये किलो दराने पडते. म्हणजे बाजारात भाव न वाढताही त्या घरापुरती पंचवीस टक्क्यांची महागाई झालेली असते. शिवाय शिजविलेल्या अन्नाबरोबर इंधन, तेल, मसाला व श्रम यांचाही व्यय होत असल्याने कच्च्या अन्नापेक्षा शिजलेले अन्न वाया जाणे अधिक महाग पडते.

प्राचीन भारतीय विचार : तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, ते टाकू नये व ते विपुल करावे, असा उपदेश आहे. अन्नास पूर्णब्रह्म मानण्याची धारणा मराठी लोकजीवनातही दृढमूल झाली. मात्र याच परंपरेत शिळ्या व उष्ट्या अन्नाविषयी कडक निर्बंधही आढळतात. संस्कृत ग्रंथांत रात्र उलटून गेलेल्या अन्नास ‘पर्युषित’ व खाऊन उरलेल्या अन्नास ‘उच्छिष्ट’ म्हटले असून भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात या दोहोंची गणना तामस आहारात केली आहे. मनुस्मृतीत पर्युषित अन्न सामान्यतः वर्ज्य ठरविले असले, तरी स्निग्ध पदार्थांनी युक्त अन्न तसेच जव, गहू व दूध यांपासून केलेले पदार्थ यांना अपवाद केला आहे. शुद्धाशुद्धतेच्या भाषेत मांडलेल्या या नियमांत कोणते पदार्थ टिकतात व कोणते लवकर बिघडतात, याविषयीचा अनुभवही अंतर्भूत असल्याचे दिसते. मराठीतील ‘शिळे’, ‘उष्टे’ व ‘खरकटे’ हे तीन शब्द या वर्गीकरणाचीच साक्ष देतात : पहिला काळाशी, दुसरा स्पर्शाशी आणि तिसरा जेवणानंतरच्या सांडलवंडीशी निगडित आहे.

महाराष्ट्रातील साठवण व पुनरुपयोग : वर्षाची बेगमी करण्याची पद्धत महाराष्ट्रात खेड्यांत व शहरांतही दीर्घकाळ रूढ होती. धान्य साठविण्यासाठी बांबूच्या विणीवर शेणमातीचा लेप दिलेली कणगी, भिंतीत बांधलेले बळद आणि जमिनीखालील पेव यांचा उपयोग केला जाई. धान्यात कडुनिंबाचा पाला घालणे, कडधान्यांस राख लावणे व तांदळास किंवा डाळीस एरंडेलाचे बोट लावणे हे कीड रोखण्याचे घरगुती उपाय होत. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे व शेवया यांचे वाळवण घातले जाई. कोकणात आमसुले, फणसपोळी, आंबापोळी व सुकी मासळी यांची पावसाळ्यासाठी तरतूद होई. मोरंबा, साखरांबा व लोणची हे हंगामी फळांचा भाव उतरलेला असताना ती टिकवून ठेवण्याचेच प्रकार होत.

रोजच्या स्वयंपाकातील उरलेल्या पदार्थांपासून नवे पदार्थ करण्याची कलाही विकसित झाली. शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, आंबट झालेल्या ताकाची कढी, दोडक्याच्या शिरांची व दुधीच्या सालींची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी ही त्याची परिचित उदाहरणे होत. पुरणासाठी शिजविलेल्या डाळीवरचे पाणी फेकून न देता त्याची केलेली कटाची आमटी आज सणाच्या पानातील मानाचा पदार्थ आहे. तिचा उगम मात्र काटकसरीत आहे. श्रावणातील शिळासप्तमीला चूल न पेटविता आदल्या दिवशी केलेले अन्न खाण्याची प्रथा असल्याने शिळ्या अन्नास वर्षातून एक दिवस धार्मिक प्रतिष्ठाही लाभलेली दिसते.

ही कौशल्ये प्रामुख्याने मौखिक परंपरेने सासूकडून सुनेकडे व आईकडून मुलीकडे जात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या सूपशास्त्र (१८७५) या ग्रंथापासून मराठीत छापील पाकशास्त्राची परंपरा सुरू झाली आणि कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा (१९७०) या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या निश्चित मापांची सवय मध्यमवर्गीय घरांस लावली. निश्चित माप हे बचतीचे एक साधन होय, कारण अंदाज चुकल्याने होणारा जादा स्वयंपाक हे घरगुती नासाडीचे एक प्रमुख कारण आहे.

याच समाजात नासाडीची परंपराही होती. लग्नमुंजींच्या जेवणावळींत पंक्तीत आग्रह करकरून वाढणे हे यजमानाच्या ऐपतीचे लक्षण मानले जाई व पानात अन्न टाकणे हे तृप्तीचे चिन्ह समजले जाई. त्यामुळे घरात दाणा न दाणा वेचणारे कुटुंबच कार्यप्रसंगी कर्ज काढून अन्न वाया घालवीत असे.

उरलेले अन्न व सामाजिक विषमता : घरातील अन्न ‘वाया जात नव्हते’, असे पूर्वकालाविषयी अनेकदा म्हटले जाते. ते बऱ्याच अंशी खरे असले, तरी ते कोणाच्या मुखी जात होते, हे पाहणे आवश्यक आहे. एकत्र कुटुंबात पुरुष व मुले यांच्यानंतर स्त्रिया जेवीत आणि सर्वांत शेवटी बसणाऱ्या सुनेच्या वाट्यास उरलेसुरले व शिळे अन्न येई. अन्न पुरले नाही, तर तूटही तिलाच सोसावी लागे. अशा घरांची काटकसर पुष्कळदा एका व्यक्तीच्या अर्धपोटी राहण्यावर उभी होती.

गावगाड्यात शिळ्या अन्नाचा दुसरा मार्ग जातिव्यवस्थेने आखून दिला होता. महार समाजातील येसकरास गावकामाच्या मोबदल्यात घरोघरी फिरून भाकरी मागावी लागे व तीत शिळ्या तुकड्यांचाच भरणा असे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावराचे मांस खाण्याचे सोडून द्यावे आणि शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगण्याचे नाकारावे, असे आवाहन केले. देणाऱ्याच्या दृष्टीने जी बचत किंवा दानधर्म होता, तो घेणाऱ्याच्या दृष्टीने अपमान होता, हे या आवाहनाने स्पष्ट झाले. अन्नबचतीच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व मूलभूत आहे. कारण उरलेले अन्न वाटून टाकण्याची कोणतीही योजना आखताना घेणाऱ्याचा सन्मान हा निकष तिने पुढे आणला.

पश्चिमी देशांतील गृहव्यवस्था : यूरोप व अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात काटकसर हा गृहिणीचा प्रमुख गुण मानला गेला. लिडिया मारिया चाइल्ड हिने १८२९ मध्ये काटकसरी गृहिणींसाठी लिहिलेले पुस्तक अमेरिकेत अतिशय लोकप्रिय झाले. इंग्लंडमध्ये इझाबेला बीटन हिच्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात (१८६१) आदल्या दिवशी उरलेल्या मांसाचे पदार्थ करण्याच्या अनेक कृती दिलेल्या आहेत. दरम्यान नीकॉला आपेर या फ्रेंच पाकनिपुण गृहस्थाने बंद बाटल्यांत उष्णतेने अन्न टिकविण्याची पद्धत शोधून काढून १८१० मध्ये ती प्रसिद्ध केली व तीतून डबाबंदीचा उद्योग उदयास आला. १८९९ मध्ये अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे एलेन स्वॅलो रिचर्ड्‌स हिच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेपासून गृहविज्ञान हा स्वतंत्र अभ्यासविषय बनला. भारतात दिल्ली येथील लेडी अर्विन महाविद्यालय (१९३२) व बडोदे विद्यापीठातील गृहविज्ञान शाखा यांनी हा विषय उच्च शिक्षणात आणला.

दोन महायुद्धे : पहिल्या महायुद्धात स्वयंपाकघर हे प्रथमच शासकीय धोरणाचा विषय झाले. अमेरिकेत ऑगस्ट १९१७ मध्ये हर्बर्ट हूव्हर याच्या नेतृत्वाखाली अन्न प्रशासन स्थापन झाले. त्याने सक्तीच्या शिधावाटपाऐवजी आवाहनावर भर दिला. ठराविक वारी गहू किंवा मांस वर्ज्य करण्याची व ताट स्वच्छ करण्याची प्रतिज्ञा लक्षावधी गृहिणींकडून लिहून घेण्यात आली. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९१६ मध्ये अन्न मंत्रालय निर्माण झाले व १९१८ मध्ये शिधावाटप सुरू करावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर व डुकराचे खारविलेले मांस यांचे शिधावाटप सुरू केले. एप्रिल १९४० मध्ये अन्नमंत्री झालेल्या लॉर्ड वुल्टन यांनी पत्रके, चित्रपट व नभोवाणी यांद्वारा बटाटे, गाजरे व उरलेले अन्न यांच्या पाककृतींचा प्रसार केला. त्याच वर्षी काढलेल्या आदेशाने खाण्यायोग्य अन्न वाया घालविणे हा दंडनीय गुन्हा ठरला. स्वयंपाकघरातील टाकाऊ भाग रस्त्यावरील वेगळ्या पिंपांत गोळा करून डुकरांना घालण्यात येत असे. युद्ध संपल्यावरही टंचाई ओसरली नाही. युद्धकाळात मुक्त असलेला पाव १९४६ ते १९४८ या काळात नियंत्रणाखाली आला आणि शिधावाटपाचा पूर्ण शेवट जुलै १९५४ मध्ये झाला. या व्यवस्थेची जमेची बाजू म्हणजे तीत श्रीमंत व गरीब यांच्यावर टंचाईचा भार बराचसा समान पडला.

भारतातील टंचाईचा काळ : १९४३ च्या बंगालमधील दुष्काळात लक्षावधी लोक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले व पुढे ते इतर शहरांतही पसरले. शिधापत्रिका, ठराविक शिधा व दुकानासमोरील रांग यांनी शहरी कुटुंबांच्या सवयी बदलल्या. तांदूळ मिळेल तेवढाच वापरून उरलेली गरज ज्वारी, बाजरी व कंद यांवर भागविणे त्यांना भाग पडले.

१९६५ मध्ये भारत–पाकिस्तान युद्ध व त्याच सुमाराची अवर्षणे यांमुळे धान्याची परिस्थिती बिकट झाली. अमेरिकेकडून येणाऱ्या गव्हावरील परावलंबन कमी करण्यासाठी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. त्यास अनुसरून अनेक कुटुंबांनी सोमवारी रात्रीचा उपवास पाळला व अनेक उपाहारगृहे त्या सायंकाळी बंद राहू लागली. समारंभांतील जेवणावळींवर मर्यादा घालणारे आदेशही निरनिराळ्या राज्यांत निघाले. परंतु त्यांची अंमलबजावणी शिथिलच राहिली. घरगुती साठवणीत होणारे नुकसान टाळण्यासाठी ‘धान्य वाचवा’ मोहीम हाती घेण्यात आली. भारतीय कृषी संशोधन संस्थेने मातीच्या भिंतीत प्लॅस्टिकचा थर असलेली ‘पुसा कोठी’ विकसित केली. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रविद्या संशोधन संस्थेने (स्थापना १९५०) अन्नपरिरक्षणाच्या पद्धतींवर मोलाचे संशोधन केले.

१९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुकडी वाटण्यात आली व शिधावाटप दुकानांतून मिलो ही परदेशी लाल ज्वारी मिळू लागली. ती अनेकांना रुचत नसे. तरीही तिच्या पिठाच्या भाकऱ्या करून कुटुंबांनी दिवस काढले. या पिढीत अन्न टाकण्याविषयी जी अढी आढळते, तिचे मूळ बऱ्याच अंशी या अनुभवात आहे.

काटकसरीची मर्यादा : गरिबीत काटकसर जीवघेणीही ठरते. १९७४ मध्ये गुजरात व राजस्थान यांच्या सीमेवरील आदिवासी भागांत अवकाळी पावसाने भिजून बुरशी लागलेला मका खाण्यात आल्यामुळे यकृतविकाराची साथ उद्भवली व शंभराहून अधिक लोक दगावले. मक्यावरील बुरशीपासून निर्माण होणारी अफ्लाटॉक्सिन ही विषद्रव्ये तिला कारणीभूत होती. नेहमीच्या शिजविण्याने ती नष्ट होत नाहीत. धान्य खराब झाले आहे हे दिसत असूनही दुसरे धान्य घरात नसल्याने ते खाल्ले गेले. म्हणून बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणे धुऊन, भाजून वापरणे ही बचत नव्हे.

शिजविलेल्या भाताबाबतही सावधगिरी आवश्यक असते. बॅसिलस सीरियस या जंतूची बीजुके शिजविल्यानंतरही जिवंत राहतात व भात दीर्घकाळ कोमट राहिल्यास त्यांची वाढ होऊन उष्णतेस दाद न देणारे विष तयार होते. साधारणतः ५° ते ६०° से. या तापमानांच्या दरम्यान जंतूंची वाढ जलद होते. त्यामुळे उरलेले अन्न दोन तासांच्या आत पसरट भांड्यात निववून थंड जागी ठेवणे व खाण्यापूर्वी चांगले कढत करणे इष्ट असते.

प्रशीतक व बदललेल्या सवयी : पश्चिमी देशांत १९२० नंतरच्या दशकांत घरगुती विद्युत् प्रशीतकाचा प्रसार झाला, भारतात गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये प्रशीतकांचे उत्पादन सुरू केले. प्रशीतकामुळे दूध, भाजी व शिजविलेले अन्न अधिक काळ टिकू लागले. परंतु तो अन्न बिघडण्याची क्रिया थांबवीत नाही, केवळ मंद करतो. ‘नंतर खाऊ’ म्हणून आत ठेवलेले अन्न विसरले जाऊन काही दिवसांनी टाकले जाणे, हा नासाडीचा एक नवाच प्रकार त्यातून निर्माण झाला. आठवड्याची खरेदी एकदम करणे, मोठ्या वेष्टनावरील सवलत व वेष्टनावर छापलेल्या तारखा यांनीही त्यास हातभार लावला. वेष्टनावरील ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ ही तारीख पदार्थाचा दर्जा दर्शविते, तर वापराची अंतिम तारीख सुरक्षिततेशी संबंधित असते. या दोहोंत गल्लत झाल्याने खाण्याजोगे अन्नही टाकून दिले जाते.

आधुनिक मापन व कायदे : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मानवी आहारासाठी निर्माण होणाऱ्या अन्नापैकी सु. एकतृतीयांश अन्नाची हानी वा नासाडी होते. २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत २०३० पर्यंत दुकाने व घरे यांतील दरडोई नासाडी निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ मधील अहवालात २०२२ या वर्षातील जगाची एकूण नासाडी १०५ कोटी टन व तीत घरांचा वाटा सु. ६० टक्के असल्याचा अंदाज दिला आहे. भारतातील घरगुती नासाडी त्यात दरडोई वर्षाला ५५ किग्रॅ. धरली आहे. या आकड्यांत साली, कोयी व हाडे यांसारख्या अखाद्य भागांचाही समावेश असल्याने त्यांचा अर्थ जपून लावावा लागतो.

कायद्याचे मार्ग देशोदेशी भिन्न आहेत. फ्रान्सने २०१६ मध्ये मोठ्या दुकानांना खाण्यायोग्य अन्न नष्ट करण्यास मनाई केली. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नकचरा पुरण्यावर बंदी घातली व २०१३ पासून घरांकडून त्याच्या प्रमाणानुसार आकार घेण्यास प्रारंभ केला. तेथे नासाडीची किंमत कुटुंबास थेट दिसू लागली. जपानने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. भारतात २०१९ मध्ये शिल्लक अन्न गोळा करून वाटण्यासंबंधीचे विनियम करण्यात आले असून त्यांनुसार असे अन्न सुरक्षित असणे बंधनकारक आहे.

घरगुती उपाय : बचतीची मूळ तत्त्वे साधी आहेत. बाजारात जाण्यापूर्वी घरात काय शिल्लक आहे ते पाहणे. नाशवंत माल थोडा व वारंवार आणणे. आधी आणलेले आधी वापरणे. माणसे मोजून शिजविणे. पिकलेली केळी व आंबे यांतून निघणाऱ्या एथिलीन वायूमुळे इतर फळे व पालेभाज्या लवकर उतरत असल्याने त्या वेगळ्या ठेवणे. धान्य कोरडे करून हवाबंद डब्यात भरणे. आणि पानात लागेल तेवढेच वाढून घेणे, ही ती तत्त्वे होत. जे खाता येत नाही त्याचे कंपोस्ट खत करता येते. मात्र त्याने अन्नावर खर्च झालेला पैसा परत येत नाही.

ऐतिहासिक दृष्ट्या पाहता घरगुती अन्नबचत टंचाईच्या दडपणाखाली वाढली व सुबत्तेत मागे पडली, असे दिसून येते. तिचे ज्ञान व श्रम बहुतांशी स्त्रियांचे होते आणि तिचा भारही त्यांनीच वाहिला. खरेदी, स्वयंपाक व आवराआवर ही कामे घरातील सर्वांनी वाटून घेतली, तरच टंचाई नसतानाही ती टिकून राहू शकेल. आणि उरलेले अन्न शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्यास न जाता सर्वांच्या पानात सारखे आले, तरच तिला बचत हे नाव सार्थपणे देता येईल.